वरची तार आणि खालची गाडी

मिरा रोड स्टेशनच्या पूर्वेला, शांती नगरच्या कुठल्याही सेक्टरमधल्या चार मजली इमारतींच्या एखाद्या सोसायटीत, सातवी-आठवीतली दहा-बारा मुलं माइनक्राफ्ट खेळत असतील असं धरून चालायला हरकत नाही. या खेळाच्या विक्रीने २०२३ साली तीस कोटी प्रतींचा टप्पा ओलांडला. त्यातला वाटा आपल्या जिन्यापर्यंत पोहोचलेला असणारच. अशी मुलं काही दिवस आपापल्या घरी, आपापल्या जगात विटा रचतात. मग त्यांना एकाच जगात एकत्र खेळायचं असतं. त्यासाठी स्वतःचा सर्व्हर लागतो, आणि सर्व्हर म्हटला की पहिल्याच संध्याकाळी भांडण जुंपतं: जुनी १.८ आवृत्ती चालवायची की आजची ताजी? ज्यांना तलवारबाजीत रस आहे ते जुनीवर अडून बसतात. ज्यांना नव्या गुहा, नवे प्राणी, नव्या विटा हव्यात त्यांना जुनीत राम वाटत नाही. घरातल्या मोठ्यांना हे भांडण पोरकट वाटेल, पण मोठमोठ्या खेळ-कंपन्यांच्या इंजिनिअरांनीही हाच प्रश्न वर्षानुवर्षं चघळला आहे, आणि त्याचं उत्तर ‘जुनं की नवं’ या दोन शब्दांत मावत नाही.

आधी सर्व्हर म्हणजे काय ते पाहू. आपल्या पडद्यावर दिसतं ते चित्र आपल्याच फोनने किंवा कॉम्प्युटरने काढलेलं असतं. खरं काय घडलं याची चोपडी मात्र दुसरीकडे असते. कोणाचा वार कोणाला लागला, कोणती वीट कुठे आहे, पेटीतले हिरे कोणी उचलले, हे सगळं सर्व्हर ठरवतो. तो पंचही असतो आणि कारकूनही. हे काम करणारा प्रोग्रॅम म्हणजे सर्व्हरचं इंजिन. माइनक्राफ्टचं इंजिन सेकंदाला वीस वेळा साऱ्या जगाचा हिशेब करतं, म्हणजे एका हिशेबाला पन्नास मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात तो संपला नाही की जग जड चालायला लागतं. तोडलेली वीट पुन्हा जागेवर दिसते, मेलेली कोंबडी दोन पावलं चालते, आणि मुलं ‘लॅग, लॅग’ म्हणून ओरडतात. हा हिशेब बहुतांशी एकाच धाग्यावर, म्हणजे प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतो. त्यामुळे आठ कोअरचं भाड्याचं मशीन घेऊनही सात कोअर हात बांधून बसलेले असू शकतात.

जुन्या आवृत्तीला चिकटणाऱ्यांची बाजू आधी नीट ऐकायला हवी, कारण ती दिसते तितकी हटवादी नाही. १.८ आवृत्ती सप्टेंबर २०१४मध्ये आली. २९ फेब्रुवारी २०१६ला १.९ आली आणि लढाईचा नियमच बदलला: एक वार केल्यावर तलवारीला पुन्हा जोर भरेपर्यंत थांबायचं, हातात ढाल धरायची. तोपर्यंत झपाझप क्लिक करून लढणाऱ्यांनी जे कसब कमावलं होतं ते एका अपडेटने निकामी झालं. कबड्डीच्या संघाला मैदानावर उतरल्यावर कळावं की आजपासून चढाईत दोन पावलांनंतर थांबायचं, तशातला प्रकार. साहजिकच द्वंद्वयुद्धाचे सर्व्हर जुन्या नियमांवरच राहिले आणि त्यांतले काही आजही आहेत. शिवाय खेळात नियम कोणता आणि चूक कोणती हे सांगणं वाटतं तितकं सोपं नसतं. ‘क्वेक’ या गोळीबाराच्या खेळात तिरकं पळत उड्या मारल्या की वेग वाढत जायचा. ही गणितातली फट होती, कोणी मुद्दाम ठेवलेली सोय नव्हे. खेळाडूंनी तिची कला करून टाकली. ‘क्वेक ३’चा प्रोग्रॅम २००५मध्ये सर्वांसाठी खुला झाला, तेव्हा त्यात ही फट बुजवणारा भाग लिहून बंद करून ठेवलेला आढळला. शेजारच्या टिपणाचा आशय असा, की ही रीत योग्य आहे, पण हाताला बरी वाटत नाही. इंजिन लिहिणाऱ्यांनीच स्वतःच्या चुकीपुढे मान तुकवल्याची एवढी प्रामाणिक कबुली क्वचितच सापडते.

मग जुनंच इंजिन घ्यावं का? डिसेंबर २०२१मध्ये काय झालं ते पाहिलं तर हात आखडतो. माइनक्राफ्टचा सर्व्हर प्रत्येक घडामोड नोंदवहीत उतरवतो आणि त्या कामासाठी ‘लॉग४जे’ नावाचा, जगभरच्या हजारो प्रोग्रॅममध्ये वापरला जाणारा तयार भाग वापरतो. त्या भागात एक भयंकर भोक निघालं. गप्पांच्या चौकटीत ठरावीक घडणीची एक ओळ टाइप केली, की ती नोंदवता नोंदवता सर्व्हर बाहेरच्या अनोळखी कॉम्प्युटरकडून हुकूम आणायचा आणि निमूट पाळायचा. खेळायला आलेल्या कोणालाही, एका वाक्यात, तुमच्या मशीनचा ताबा घेता येत होता. धोक्याच्या मोजपट्टीवर या दोषाला दहापैकी दहा गुण मिळाले. बँका आणि सरकारी यंत्रणा त्या आठवड्यात जाग्या राहिल्या, पण हा दोष सगळ्यांच्या नजरेत भरला तो मुलांच्या या खेळामुळे, कारण माइनक्राफ्टच्या सर्व्हरवर तो वापरून पाहणं सर्वांत सोपं होतं. १० डिसेंबरला १.१८.१ आवृत्ती आली आणि ताज्या इंजिनावर असलेल्यांची अपडेट करून सुटका झाली. जुन्या आवृत्त्यांसाठीही कंपनीने उपाय दिला, पण तो अ‍ॅडमिनने स्वतः शोधायचा, फाइल उतरवून घ्यायची आणि सर्व्हर सुरू करण्याच्या आज्ञेत जोडायची. ज्याने चार वर्षांपूर्वी सर्व्हर उभारून विसरून टाकला होता, त्याला हे सांगणार कोण?

इथे एक चोख आक्षेप येतो आणि तो टाळण्यात अर्थ नाही. १.७च्याही आधीच्या आवृत्त्यांना या दोषाची बाधाच झाली नाही, कारण त्यांत लॉग४जेचा तो भाग नव्हता. म्हणजे सर्वांत जुने सर्वांत सुरक्षित ठरले! गोष्ट खरी आहे. जुन्या वाड्याला लिफ्ट नसल्यामुळे तिथे लिफ्ट कोसळत नाही, हेही खरं आहे. पण त्या वाड्याच्या तुळईला वाळवी लागली तर ती कोण पाहणार, हा प्रश्न शिल्लक राहतो. सुरक्षितता मोजायची ती ‘आजवर काय झालं नाही’ यावर मोजता येत नाही. उद्या भोक सापडलं तर ते बुजवायला कोण बसलेलं आहे, याला महत्त्व आहे. निवड खरं तर इथेच असते. इंजिनाचं वय किती, याला दुय्यम महत्त्व. त्याच्यावर आज कोणाचे हात फिरतात ते पाहायला हवं. आणि खेळाचे नियम जुने ठेवायचे असतील, तर ते सांभाळल्या जाणाऱ्या इंजिनावर जुने ठेवता येतात का, याचा शोध आधी घ्यायला हवा.

इंजिन आणि नियम हे असे वेगळे काढणं कसं असतं ते मिरा रोडकरांना समजावून सांगायला फार लांब जावं लागत नाही. चर्चगेटहून बोरिवलीपर्यंत विजेची गाडी १९२८पासून धावू लागली आणि १९३६मध्ये ती विरारपर्यंत, म्हणजे मिरा रोडवरूनही, जाऊ लागली. वरच्या तारेत १५०० व्होल्ट डीसी होता. बाकी देशात रेल्वेने २५ हजार व्होल्ट एसी पत्करला, तरी मुंबईची लोकल जुन्या दाबावरच राहिली. अखेर टप्प्याटप्प्याने तार बदलत २०१२च्या फेब्रुवारीत पश्चिम रेल्वेच्या उपनगरी मार्गावरचा डीसी संपला. मधल्या वर्षांत दोन्ही दाबांवर चालणारे रेक धावत होते. दोन दाबांच्या सीमेवर गाडी क्षणभर वीज सोडायची आणि पलीकडची वीज धरून पुढे जायची. एवढी मोठी उलथापालथ झाली, पण रूळ तेच राहिले, प्लॅटफॉर्म तेच राहिले, भाईंदरला चढून मिरा रोडला जागा न देणाऱ्यांची शिस्तही तीच राहिली. विरार फास्टने बोरिवलीला उतरू पाहणाऱ्याचं काय होतं ते तर कोणत्याच व्होल्टेजने बदललं नाही. वरची तार हे इंजिन आणि खालचा प्रवास हा खेळ. दोन्ही एकत्र बदलायलाच हवेत असा नियम नाही.

खेळांच्या जगात याचा सर्वांत ठळक पुरावा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चा आहे. २००४ साली आलेल्या या खेळात भर पडत पडत पहिला खेळ ओळखू येईनासा झाला. जुन्याच्या ओढीने काहींनी खासगी सर्व्हर काढले. त्यातला ‘नोस्टालरियस’ हा सर्वांत गाजलेला सर्व्हर ब्लिझर्ड कंपनीच्या कायदेशीर इशाऱ्यानंतर एप्रिल २०१६मध्ये बंद झाला. लोकांची मागणी मात्र बंद होईना. शेवटी कंपनीने स्वतःच जुना खेळ परत आणायचं ठरवलं आणि तिच्या इंजिनिअरांपुढे शांती नगरातल्या मुलांचाच प्रश्न उभा राहिला. त्यांनी आधी २००६ सालच्या १.१२ आवृत्तीचा जुना प्रोग्रॅम जसाच्या तसा चालू करून पाहिला. तो चालला. पण त्यात तेव्हाच्या चुका होत्या, फसवेगिरी पकडण्याची आजची यंत्रणा नव्हती, आजच्या खात्यांशी आणि आजच्या कॉम्प्युटरांशी जुळवून घेण्याची सोय नव्हती. मग त्यांनी उलटा रस्ता धरला: इंजिन आजचं ठेवलं आणि त्यात जुन्या आवृत्तीची सारी आकडेवारी ओतली. कोणत्या राक्षसाचं बळ किती, कोणतं शस्त्र कुठे सापडतं, कोणत्या मंत्राला किती वेळ लागतो, हे सगळं २००६चं. २७ ऑगस्ट २०१९ला हा खेळ सुरू झाला तेव्हा आत शिरायला लांबच लांब रांगा लागल्या.

या कामातला एक तपशील मला फार बोलका वाटतो. जुना सर्व्हर मंत्रांचा हिशेब लगेच करत नसे. काही मंत्र गोळा करून एका घासात उरकत असे. त्यामुळे दोन खेळाडू जवळजवळ एकाच क्षणी एकमेकांना मेंढरू बनवू शकत. नव्या इंजिनाला ही दिरंगाई नको होती. तरी ब्लिझर्डने ती मुद्दाम घडवून आणली, कारण जुन्या खेळाची चव त्यातही होती. पुढे २०२१मध्ये पुढचा टप्पा आला तेव्हा ती बरीचशी काढून टाकली, कारण अनुभव घेतल्यावर अनेकांना ती चव नव्हे तर कचकच वाटली. म्हणजे ज्याला आपण ‘जुन्याची मजा’ म्हणतो त्यात मजा किती आणि नाइलाज किती, हे दोन्ही वेगळे करून पाहिल्याशिवाय कळत नाही. जुनं इंजिन अखंड उचलून आणणाऱ्याला ही निवडानिवड करायची संधीच मिळत नाही.

माइनक्राफ्टमध्येही हाच मार्ग आहे, आणि तो सोसायटीतल्या मुलांच्या आवाक्यातला आहे. ‘पेपर’ नावाचं इंजिन एका मोठ्या स्वयंसेवी गटाने उभं केलेलं आहे. ते कंपनीच्या सर्व्हरपेक्षा हलकं चालतं, त्यावर प्लगइन, म्हणजे वरून जोडायचे छोटे प्रोग्रॅम, चढवता येतात, आणि एका प्लगइनने १.८ची झपाझप तलवारबाजी ताज्या आवृत्तीत आणता येते. ‘व्हायाव्हर्जन’ हे प्लगइन आणि त्याची भावंडं वेगवेगळ्या आवृत्त्यांचे खेळाडू एकाच सर्व्हरवर बसवतात. दोन दाबांवर धावणाऱ्या रेकचंच हे काम. अट्टल द्वंद्ववीर म्हणतील की हे सोंग आहे, धक्का लागल्यावर मागे जाण्याचं अंतर आणि वार लागल्याची जाणीव हुबेहूब तशी येत नाही. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. ज्या सर्व्हरवर फक्त द्वंद्वच होणार, त्याने १.८च चालवावी, मात्र तिचीही अजून डागडुजी होत असलेली शाखा घ्यावी. दहा-बारा मुलांनी संध्याकाळी घरं बांधायची, मधूनच मारामारी करायची, तर एवढ्या बारकाईची किंमत भरण्यात अर्थ नाही.

‘नवं म्हणजे चांगलं’ असं इथे मी म्हणत नाही, आणि तसं म्हणणाऱ्यांना माइनक्राफ्टचाच इतिहास अडवेल. २०१८मध्ये १.१३ आली तेव्हा विटांना आकड्यांनी ओळखण्याची जुनी पद्धत गेली आणि असंख्य प्लगइन एका रात्रीत मोडले. २०१९च्या १.१४ने सर्व्हर इतके जड केले की त्याच वर्षाच्या शेवटी आलेल्या १.१५चा बराच भर चुका दुरुस्त करण्यावर होता. १.१८ने जगाची उंची २५६ विटांवरून ३८४वर नेली, म्हणजे हिशेबाचं ओझंही वाढलं. १.२०.५पासून, सर्व्हर ज्या जावावर चालतो तिची किमान एकविसावी आवृत्ती लागते. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर ते सगळं चढवताना दमछाक होते. नवी आवृत्ती निघाल्या दिवशीच ती चढवणं हे नव्या मेट्रोच्या उद्घाटनाच्या गर्दीत शिरण्यासारखं आहे. महिना-दोन महिने थांबल्याने काही बुडत नाही. आणि सांभाळणारे हातही कायमचे नसतात. ‘बुकिट’ हे एके काळचं सर्वांत लोकप्रिय इंजिन सप्टेंबर २०१४मध्ये कॉपीराइटच्या वादात एका झटक्यात अडकलं. त्यातून ‘स्पिगॉट’ पुढे आलं, आणि त्याच्या पोटातून पेपर. म्हणून इंजिन निवडताना त्याची दुरुस्ती गेल्या महिन्यात झाली का, हे पाहावं.

उलट एखादा खेळ म्हातारा असून त्याचं इंजिन तरतरीत असू शकतं. नव्वदच्या दशकातल्या ‘हाफ-लाइफ’च्या इंजिनावर उभी असलेली, २००३ची ‘काउंटर-स्ट्राइक १.६’ मुंबईच्या सायबर कॅफेंनी वर्षानुवर्षं खेळली. तिचा मूळ सर्व्हर जुनाट झाला तरी हौशी प्रोग्रॅमरांनी तो उलगडून ‘रीएचएलडीएस’ या नावाने नव्याने लिहिला आणि त्यातली भोकं बुजवत राहिले. उलट बाजूने, खुद्द व्हॉल्व्ह कंपनीने नोव्हेंबर २०२३मध्ये हाफ-लाइफला पंचवीस वर्षं झाली म्हणून इंजिनात बदल केले, तेव्हा काही जुने मॉड, म्हणजे हौशी लोकांनी खेळात केलेले फेरफार, अडखळले आणि कंपनीला जुनी शाखाही उपलब्ध ठेवावी लागली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘काउंटर-स्ट्राइक २’ने आधीच्या खेळाची जागाच घेतली. जिथे सर्व्हर कंपनीचे, तिथे खेळाडूला निवड नसते, आणि हे गाऱ्हाणं अगदी रास्त आहे. आपल्या मुलांकडे ती निवड आहे, तोवर तिचा वापर करावा.

दोन गोष्टी मात्र कुठल्याच इंजिनाच्या हातात नाहीत. पहिली म्हणजे अंतर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मिरा रोडहून सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३९०० किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन किमान ३९ मिलिसेकंद, आणि केबल सरळ जात नसल्याने प्रत्यक्षात याहून बरेच जास्त. भाड्याने सर्व्हर घेताना तो मुंबईत आहे की सिंगापुरात हे न विचारता ‘नवं इंजिन फास्ट आहे ना’ असं विचारणारे फसतात. समुद्राखालच्या केबल वर्सोव्याला किनाऱ्यावर येतात, मुंबई-नवी मुंबईत डेटा सेंटर उभी आहेत. आपण या बाबतीत सुदैवी गावात राहतो. दुसरी गोष्ट ओळखीची. खेळाची विकत घेतलेली प्रत नसलेल्यांना येऊ द्यायचं म्हणून सर्व्हर ‘ऑफलाइन मोड’वर ठेवला, की नाव तपासलं जात नाही, कोणीही अ‍ॅडमिनचं नाव लावून आत येऊ शकतो. मग इंजिन कितीही ताजं असो, दार उघडंच.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट तराजू झुकवते. बहुतेक मुलं फोनवर खेळतात, आणि फोनवरची आवृत्ती वेगळी, ‘बेडरॉक’ म्हणून ओळखली जाणारी. ती प्ले स्टोअरवरून आपोआप अपडेट होते; कोणाची परवानगी घेत नाही. फोनवाल्यांना कॉम्प्युटरवाल्यांच्या जगात आणणारा ‘गायझर’ नावाचा दुभाषा आहे, पण त्यालाही दर अपडेटला ताजं राहावं लागतं. २०१४चा सर्व्हर गोठवून ठेवला, की दुभाष्यावर दुभाषा बसवावा लागतो आणि एखाद्या अपडेटच्या सकाळी सोसायटीतली बहुतेक मुलं दाराबाहेर राहतात. तिसऱ्या मजल्यावरच्या लॅपटॉपवाल्या दोघांच्या हौसेसाठी खालच्या फोनवाल्या आठ जणांना बाहेर ठेवायचं का, हाही इंजिनाच्या निवडीतलाच प्रश्न आहे.

बदल करताना मात्र घाई नको. माइनक्राफ्टचं जग एकदा नव्या आवृत्तीत उघडलं की जुन्या आवृत्तीत नीट परत जात नाही. म्हणून आधी सर्व्हर बंद करायचा, जगाचं अख्खं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवायचं, त्या प्रतीवर नवं इंजिन चालवून पाहायचं, प्लगइन एकेक करून तपासायचे, आणि मगच खरं जग हलवायचं. पश्चिम रेल्वे अशा कामांसाठी रविवारी जम्बोब्लॉक घेते, कारण त्या दिवशी ऑफिसची गर्दी नसते. सोसायटीच्या सर्व्हरवर नेमकी रविवारीच गर्दी असते. तेव्हा ब्लॉक घ्यायचा तो मंगळवारी दुपारी, तोही सहामाही परीक्षेच्या आठवड्यात.